पडलेला पंच

१

मुलगी : म्हणून मी म्हणते, तासाभराची ती लढत आजही टिकते. टीव्हीवरच्या कुस्तीतले मास्तर आणि अस्वल. साठ मिनिटं, एक फटका फुकटचा नाही. तुमची ती चौदा मिनिटांची आता बघवत नाही.

बाबा : बघवत नाही, की बघत नाहीस?

मुलगी : शब्दांचा कीस काढू नका.

बाबा : वा! दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढून पोट भरणारी बाई मला सांगते, कीस काढू नका.

मुलगी : मग मुद्द्याचं बोला. अस्वल आणि कसाई, काय आहे त्या लढतीत? कसाई आल्या आल्या खुर्ची उचलतो. अस्वलकाका नुसते मार खातात. आणि नवव्या मिनिटाला पंच रिंगबाहेर फेकला जातो.

बाबा : पंच म्हणजे मी.

मुलगी : पंच म्हणजे तुम्ही. पण युक्ती स्वस्तातली. पंच बेशुद्ध पडला की कसाईला वाटेल ते करायला मोकळीक. लिहिणाऱ्याला पुढचं सुचेनासं झालं की तो असाच कुणाला तरी बेशुद्ध पाडतो.

बाबा : आमच्याकडे लिहिणारा कोण होता? मालक सिगारेटच्या पाकिटावर तीन ओळी खरडून द्यायचा. कोण जिंकणार, कितव्या मिनिटाला, आणि पंच कधी पडणार. मधलं सगळं त्या दोघांनी आत जुळवायचं, आणि मी तीन आकडे मोजता मोजता कानात निरोप द्यायचे. सहा मिनिटं राहिली. त्याचा डावा गुडघा दुखतोय, उजवीकडे पाड.

मुलगी : मला पाठ आहे हे सगळं.

बाबा : पाठ आहे, पण मत देताना विसरतेस. तासाच्या लढतीत पाकिटावर लिहिलं होतं बरोबरी, आणि झाली बरोबरी. मी तासभर नुसतं घड्याळ होतो. चौदा मिनिटांच्या लढतीत नवव्या मिनिटानंतर ठरलेलं काहीही घडलं नाही. तरी आम्ही तिघांनी ती घंटेपर्यंत नेली. टीव्हीवर बघणाऱ्या एकालाही कळलं नाही.

मुलगी : अस्वलकाकांची मान गेली त्यात.

बाबा : गेली.

मुलगी : आणि तुम्ही रिंग सोडलीत. पुढची पंचवीस वर्षं गोदामात खोकी मोजलीत.

बाबा : खोकी शहाणी असतात. पडली की पडली, नाटक करत नाहीत. चहा उरलाय का गं?

मुलगी : अर्धा कप. साखर आहे त्यात, तुम्हाला नाही.

बाबा : मग लढत तरी लाव. दोन्ही कॅसेट तूच त्या पेन ड्राइव्हवर भरून आणल्यास ना? तासाची झिजली असेल एव्हाना. दुसरी कोरी करकरीत.

मुलगी : पेन ड्राइव्ह झिजत नाही, बाबा.

बाबा : शुक्रवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे माझं. दिसतंय तोवर लाव.

मुलगी : मोतीबिंदूचं आहे. त्यानंतर जास्त दिसतं.

बाबा : मग कमी दिसतंय तोवर लाव. काही गोष्टी धूसर बऱ्या दिसतात.

मुलगी : तुम्ही ना... बरं. लावते. पण सहाला निघणार मी. उद्या प्रुफं द्यायची आहेत.

बाबा : चौदाच मिनिटं आहेत. हां, हे बघ, काय चाल होती माझी! केस बघ.

मुलगी : केस तेव्हाही विरळच होते.

बाबा : प्रकाश वरून पडलाय. बघ, अस्वल पडला. आता मी त्याचा हात हातात घेतला. का घेतला?

मुलगी : परीक्षा घेताय का माझी? हळूच दाबायचा. त्यानं उलट दाबला तर तो शुद्धीवर आहे, विव्हळणं खोटं. नाही दाबला तर खरंच लागलंय. मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करायची आणि लढत थांबवायची.

बाबा : शंभरापैकी शंभर.

मुलगी : माझे टॉन्सिल काढले तेव्हा तुम्ही असाच हात दाबला होतात.

बाबा : आणि तू लगेच उलट दाबलास. म्हणजे रडणं खोटं होतं. आइसक्रीम हवं होतं तुला. थांबव, थांबव. ती पहिली रांग बघ. तीन मुली बसल्यात.

मुलगी : हो.

बाबा : मधली कोण?

मुलगी : माहीत असून विचारताय. बाकीच्या दोघी माझ्या वर्गातल्या. तुम्हीच तीन पास आणले होते.

बाबा : पिवळा स्वेटर खुर्चीच्या पाठीला लावलाय. उकडत होतं वाटतं आत. चालू कर. हा मी गेलो दोरांवरून. कसला पडलो बघ. हात आधी टेकवला नाही, शिकाऊ पोरं टेकवतात. थेट त्या मुलींच्या पायाशी. आता जरा पुढे ने. बस. आता मोज.

मुलगी : कॅमेरा हललाय.

बाबा : दोन.

मुलगी : कॅमेरा हललाय, बाबा. तिसरी बाजूला गेली असेल चौकटीच्या.

बाबा : स्वेटर नाही हलला.

मुलगी : टीव्हीचा आवाज कमी करते जरा.

बाबा : असू दे. लोकांना वाटतं, पडलेल्या पंचाचं काम सोपं. नुसतं तर पडायचं. दोन मिनिटं पोटातून श्वास घ्यायचा, छाती हलता कामा नये. नाकावर माशी बसली तरी बसू द्यायची. डोळे मिटलेले, म्हणून लोक समजतात हा गेला कामातून. पण पडलेल्या पंचाला सगळं ऐकू येतं.

मुलगी : पावणेसहा झाले. मी निघते आता.

बाबा : शेवट राहिला. तीन-चार मिनिटांचा तर आहे.

मुलगी : पुढच्या रविवारी.

बाबा : तू शेवट न बघता मत देतेस. परीक्षणात हे चालतं का?

मुलगी : पुढच्या रविवारी बघू म्हटलं ना. गोळ्या डबीत भरून ठेवल्यात, सोमवारची पांढरी आधी घ्या. गॅसवाला येईल सकाळी.

बाबा : बरं. पुढच्या रविवारी. दार नुसतं ओढून घे, कडी मी लावतो.

२

अस्वल : अठ्ठेचाळीस पायऱ्या. मोजत आलो, काय म्हणतो मी, पायऱ्या मोजत आलो. तुझ्या बापानं, आमच्या झेब्रानं, तेहतीस वर्षांत सांगितलं नाही, की त्याच्या घराला एवढ्या पायऱ्या आहेत. नेहमी तोच यायचा माझ्याकडे.

मुलगी : म्हणूनच सांगितलं नसेल. बसा काका. मानेला उशी देऊ?

अस्वल : उशी दे. ही त्याची खुर्ची का?

मुलगी : बसा त्यात. ते गेल्यापासून कुणी बसलं नाहीये. आज नऊ दिवस झाले.

अस्वल : मला फोन आला तेव्हा मी म्हटलं, नाटक करतोय. सवय ना. असं झालं तरी कसं?

मुलगी : सोमवारी सकाळी गॅसवाल्यानं बेल वाजवली, दार उघडलं नाही. शेजाऱ्यांनी मला फोन केला. मोरीत पडले होते. मेंदूत रक्तस्राव. तीन दिवस दवाखान्यात होते, शुद्धीवर आलेच नाहीत. रविवारी संध्याकाळपर्यंत माझ्याशी भांडत होते, कोणती लढत चांगली म्हणून.

अस्वल : दवाखान्यात बोललीस त्याच्याशी?

मुलगी : डॉक्टर म्हणाले, त्यांना काही ऐकू येत नाही.

अस्वल : डॉक्टर कधी पंच होता का?

मुलगी : बोलले मी, काका. तीन दिवस बोलत होते. गॅसवाला सिलिंडर शेजारी ठेवून गेला म्हणाले. डोळ्याच्या डॉक्टरांना फोन करून तारीख पुढे ढकलली म्हणाले. कुंडीला पाणी घातलं. असलं सगळं. जे बोलायचं होतं ते सोडून सगळं.

अस्वल : हात दाबलास?

मुलगी : दाबला.

अस्वल : मग?

मुलगी : कळलं नाही मला. त्याच वेळी ते यंत्र वाजायला लागलं. मी त्या पडद्याकडे बघत राहिले. हात माझ्या हातात होता, पण त्यांनी दाबला की नाही, मला सांगता येणार नाही.

अस्वल : तोही असंच म्हणायचा. शब्दन् शब्द हेच. 'तुझा हात माझ्या हातात होता, अस्वल, पण तू दाबलास की नाही, मला सांगता येणार नाही.'

मुलगी : कारण ते दाराकडे बघत होते.

अस्वल : तुला कोणी सांगितलं?

मुलगी : कोणी नाही. दारातून बाहेर पडताना मी वळून पाहिलं होतं. ते नुकतेच उठून परत रिंगमध्ये गेले होते. गुडघ्यावर बसून तुमचा हात धरला होता आणि माझ्याकडे बघत होते. मी तशीच बाहेर गेले.

अस्वल : पाणी दे जरा.

मुलगी : काका, मी का उठले ते कुणालाच माहीत नाही. मी अकरा वर्षांची होते. शाळेत बाबांचं काम विचारलं की मी खाजगी नोकरी सांगायचे. त्या दोघींना मी म्हटलं होतं, पास आमच्या एका ओळखीच्या माणसानं दिलेत. बाबा दोरांवरून उलटे आले, गुडघ्यावर पॅन्ट फाटली आणि आमच्या पुढ्यात पडले. त्या हसायला लागल्या. मग एकीला शंका आली. पालकसभेत पाहिलं होतं तिनं. ती म्हणाली, अगं, हे तुझे बाबा ना?

अस्वल : आणि तू नाही म्हणालीस.

मुलगी : मी म्हणाले, हे माझे बाबा नाहीत. आरडाओरडा होता, तिला ऐकू गेलं नाही, म्हणून परत मोठ्यानं म्हणाले. ते माझ्या बुटांपासून दोन हातांवर होते. डोळे मिटून.

अस्वल : माहितीय मला.

मुलगी : त्यांनी सांगितलं तुम्हाला?

अस्वल : तेव्हाच, मी दवाखान्यात असताना. माझ्या मानेला लोखंडी कडं घातलेलं होतं, मला वळता येत नव्हतं. तो बाजूला बसला होता, दिसत नव्हता, नुसता आवाज. म्हणाला, पोरीनं असं म्हटलं आणि मला हसू आलं, अस्वल, कारण मी बेशुद्ध होतो. बेशुद्ध माणसानं काय उत्तर द्यायचं? मग म्हणाला, ती स्वेटर विसरून गेली. बाहेर थंडी होती.

मुलगी : म्हणजे त्यांना ऐकू गेलं होतं.

अस्वल : पंचाला ऐकू जातं.

मुलगी : त्या रविवारी त्यांनी मला वाट करून दिली होती बोलायला. स्वेटरसुद्धा दाखवला. आणि मी त्यांना म्हटलं, कॅमेरा हललाय.

अस्वल : हं.

मुलगी : तुम्ही हात दाबला होता का, काका? खरं सांगा. त्यांनी लढत थांबवली असती तर तुमची मान वाचली असती का?

अस्वल : दाबला होता.

मुलगी : काका...

अस्वल : दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी यायचा, जिलब्या खात बसायचा, आणि उठताना विचारायचा. दर वेळी मी सांगितलं, दाबला होता. मालकानं विचारलं तेव्हा सांगितलं. बायकोनं विचारलं तेव्हा सांगितलं. एकदा शेवट ठरला की तो बदलायचा नसतो, पोरी. दाबला होता.

मुलगी : मग त्यांना ती लढत का आवडायची? तुमची मान गेली, त्यांचं काम गेलं, मी तसं बोलले. आणि तरी म्हणायचे, हीच चांगली. मला कळत नाही.

अस्वल : शेवट बघितलायस का तू?

मुलगी : नाही.

अस्वल : तेहतीस वर्षं भांडलीस आणि शेवट बघितला नाहीस? लाव. मी आहे ना इथे. लाव.

मुलगी : हे अकरावं मिनिट. तुम्ही उठताय.

अस्वल : उठत नाहीये, कसाई उठवतोय मला. मला खरंच लागलंय, हे त्याच्या लक्षात आलं होतं. बघ, मारतोय कसा, सगळा जोर स्वतःच्या पायात आपटतोय. आवाज मोठा, हात हलका. झेब्रा मध्ये मध्ये येतोय, मला टेकायला खांदा देतोय. लोक ओरडतायत की पंच लबाडी करतोय. हे तिघांचं चाललंय ना, हे कोणी लिहून दिलं नव्हतं. आता बघ. मी पडलो. एक. दोन. तीन.

(टीव्हीवर घंटा वाजते.)

मुलगी : कसाई हात वर करून उभा आहे. बाबा कुठे गेले?

अस्वल : पंच घंटेनंतर जिंकणाऱ्याचा हात वर करतो. आंधळ्यालाही ठाऊक असलेली गोष्ट. तो बिचारा स्वतःचाच हात वर धरून शोधतोय याला. खाली बघ. पहिल्या रांगेत.

मुलगी : खुर्चीवरचा स्वेटर घेतायत.

अस्वल : आणि दाराकडे पळाला. फाटक्या पॅन्टनं. मी आत आडवा पडलोय, पाय हलत नाहीत, आणि आमचा पंच स्वेटर घेऊन पळाला. टीव्हीवाल्यांनी घंटेनंतर लगेच जाहिरात लावली, म्हणून वाचलो. ही मालकाच्या कंपनीची कॅसेट, हिच्यात सगळं आहे.

मुलगी : मी बाहेर पायऱ्यांवर बसले होते. ते आले, मला स्वेटर घातला, वरचं बटण लावलं आणि म्हणाले, भूक लागली असेल. मला वाटलं, सगळं उरकून आले असतील.

अस्वल : उरकून कसला येतोय.

मुलगी : तुम्हाला राग नाही आला?

अस्वल : आला ना. दोन वर्षं आला. दारात उभा राहायचा आणि मी बायकोला सांगायचो, झोपलोय म्हण. मग माझ्या लेकीला मुलगी झाली. मग म्हटलं, येऊ दे त्याला.

मुलगी : तुमच्या मते कोणती लढत चांगली, काका?

अस्वल : तासाची. त्या दिवशी मी चालत घरी गेलो.

३

कारकून : बाई, हा अर्ज तुमचाच ना? मृत्यूच्या दाखल्याचा?

मुलगी : हो.

कारकून : अक्षर छान आहे. पण दोन ठिकाणी अडलंय. व्यवसायाच्या रकान्यात खाजगी नोकरी लिहिलंत. हे चालत नाही आता. कुठली नोकरी, काय काम, नीट लिहावं लागतं.

मुलगी : पंचवीस वर्षं गोदामात होते.

कारकून : मग गोदामपाल लिहू?

मुलगी : नाही. थांबा. पंच लिहा.

कारकून : पंच म्हणजे? सरपंच वगैरे?

मुलगी : कुस्तीतले पंच.

कारकून : खरी कुस्ती, की ती टीव्हीवरची, आधी ठरवलेली?

मुलगी : टीव्हीवरची. आधी ठरवलेली.

कारकून : ती दर रविवारी लागायची ती? मास्तर, कसाई, अस्वल? अहो, आम्ही सगळी भावंडं शेजारच्यांच्या घरी जाऊन बघायचो. एक बुटके पंच होते, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, केस कमी.

मुलगी : झेब्रा.

कारकून : झेब्रा! बरोबर. त्यांची ती एक तासाची बरोबरी, आमचा मोठा भाऊ म्हणायचा असली लढत पुन्हा होणार नाही. मला मात्र ती दुसरी आवडायची. कसाई त्यांना बाहेर फेकतो आणि ते कितीतरी वेळ तसेच पडून राहतात. आम्ही सगळे टीव्हीसमोर ओरडत होतो, ऊठ, ऊठ. माझी धाकटी बहीण तर रडायला लागली. तिला वाटलं, खरंच मेले. बाकीचं सगळं विसरलो बघा, पण ते पडून होते ते आठवतं. आणि पुढच्या रविवारी दुसराच पंच. काय झालं हो त्यांचं?

मुलगी : उठले होते ते. त्याच दिवशी. घंटेनंतर कुठे गेले ते टीव्हीवर दाखवलं नाही.

कारकून : तुम्हाला कसं माहीत?

मुलगी : मी पहिल्या रांगेत होते.

कारकून : नशीबवान आहात. बरं, व्यवसाय, पंच, व्यावसायिक कुस्ती. लिहिलं. आता दुसरा रकाना. हा तर तुम्ही कोराच ठेवलाय. मृताशी नातं. एवढा नीटनेटका अर्ज आणि नेमकं हेच राहिलं?

मुलगी : राहिलं खरं.

कारकून : तुम्ही कोण त्यांच्या?

मुलगी : ते...

कारकून : मोठ्यानं बोला बाई. मध्ये काच आहे, इकडे ऐकू येत नाही.

मुलगी : ते माझे बाबा होते.